गार इंजिनाची अट

गाडी विकायला काढली तेव्हा बाईंना वाटलं होतं, हातोहात जाईल. रंग शाबूत, काचा शाबूत, पहिल्यापासून एकच मालक, आणि मालकही असा की गाडीला पोटच्या पोरीपेक्षा जास्त जपणारा. हे शेवटचं म्हणणं पोरीचं, आणि तिच्याजवळ त्याचे पुरावे होते. टर्बो डिझेल इंजिन, लांबलचक अंग, मागे एवढी जागा की एखादा आटोपशीर संसार मावावा. तरीही सकाळी गिऱ्हाईक यायचं, गाडीभोवती फेरी मारायचं, बॉनेटवर हात ठेवायचं आणि "कळवतो" म्हणून निघून जायचं. कळवायचं मात्र कुणीच नाही.

एक मास्तर बायकोला घेऊन आले होते. मास्तरीणबाईंना गाडी मनापासून आवडली होती, पण मास्तरांनी बॉनेटवर हात टेकवला आणि बायकोकडे अशी नजर टाकली की ती बिचारी मुकाट्याने फाटकाकडे चालू लागली. जुन्या गाड्यांचा एक दलाल आला, त्याने तर हात लावल्या लावल्या हसायलाच सुरुवात केली. "बाई, आमचेही केस याच धंद्यात पांढरे झालेत," एवढंच बोलून तो गेला. बाईंना काही उमजेना. त्यांचा स्वतःचा धंदा पडद्यांचा. लोकांच्या खिडक्या मापायच्या, घरी मशीनवर चुण्या घालून पडदे शिवायचे, अस्तर लावायचं, आकडे अडकवायचे. पडदा गरम आहे की गार, हे आजवर कुणी तपासलं नव्हतं.

गाडी त्यांच्या नवऱ्याची. नवरा कुलपांच्या कंपनीचा फिरता विक्रेता होता. गावोगावच्या दुकानांत कुलपं, कड्या, बिजागऱ्या दाखवत हिंडायचा. जगाला कुलपं विकणारा हा माणूस स्वतःच्या घराची किल्ली मात्र रोज विसरायचा. किल्ली नाही तर चष्मा, चष्मा नाही तर रुमाल. सकाळी तो खाली जाई, गाडी सुरू करी, आणि इंजिन तसंच चालू ठेवून पुन्हा जिना चढून वर येई. "टर्बोला तेल पोचायला वेळ द्यावा लागतो," हे त्याचं शास्त्र. "झोपेतून उठवलेल्या माणसाला कुणी लगेच पळायला लावतं का?" खालच्या मजल्यावरच्या काकांच्या खिडकीत तो सगळा धूर जाई. त्यांचं म्हणणं असं की आताच्या गाड्यांना असलं काही लागत नाही, ही निव्वळ खोड आहे. काकांचं बरोबर असेलही. पण बाई पुरत्या ओळखून होत्या की हे शास्त्रही नाही आणि खोडही नाही, हा दुसऱ्या चहाचा बहाणा आहे.

"आज काय विसरलात?" असं म्हणत त्या बेल वाजायच्या आधीच दार उघडत. मग खाली इंजिन धडधडत असताना नवरा पायातले बूट न काढता ओट्याशी उभा राहून अर्धा कप चहा घेई, आणि त्या दहा मिनिटांत जे बोले ते दिवसभरात कधी बोलत नसे. लेकीचं शिक्षण, लेकीचं लग्न, घर बदलायचं की नाही, सगळे निर्णय तिथले, उभ्या उभ्या घेतलेले. चहा संपला की पावलं जिना उतरत, गाडीचा आवाज फाटकाबाहेर पडे, कोपऱ्यावर वळे आणि हळूहळू विरत जाई. तो पुरता विरला की मगच बाई मशीनवर बसत.

मग एका सुट्टीच्या दुपारी नवरा जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. ना इंजिन सुरू झालं, ना जिना वाजला. गाडी जिथल्या तिथे. येणारे-जाणारे सांगत होते की तो गेला, आणि बाई मान डोलवत होत्या. पण ज्या माणसाचं जाणं त्यांनी इतकी वर्षं रोज कानांनी ऐकलं, तो एवढासाही आवाज न करता जाईलच कसा, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लेक घाबरली, आठवडाभर जास्त राहिली, आणि शेवटी जाताना म्हणाली, "आई, एकदा रडून तरी घे." रडणं काय, सांगून येतं थोडंच!

पुढे खालच्या काकांनीच सुचवलं की गाडी अधूनमधून सुरू करत जा, नाहीतर बॅटरी उतरेल. धूर कुणाच्या खिडकीत जातो ते ठाऊक असून त्यांनी हे सुचवावं, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बाई खाली गेल्या, नवऱ्याला बघून बघून जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर किल्ली फिरवली. इंजिन लागलं. तेवढ्यात त्यांना आठवलं, गॅस चालूच आहे. गाडी तशीच सोडून त्या धापा टाकत वर आल्या, गॅस बंद केला, आणि थबकल्या. खाली इंजिन चालू होतं. म्हणजे आता जिना वाजणार.

जिना अर्थातच वाजला नाही. पण वाजेल असं वाटायची दहा मिनिटं बाईंना मिळाली, आणि भुकेल्या माणसाला ताजं-शिळं कळत नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा खाली गेल्या. तिसऱ्या दिवशी बॅटरीचं निमित्तही लागलं नाही. रोज सकाळी गाडी सुरू करायची, लगबगीने वर यायचं, ओट्याशी उभं राहायचं आणि ऐकायचं. आपण काय करतोय हे त्यांना ठाऊक होतं, त्या काही खुळ्या नव्हत्या. त्यांना तो हवा होता, आणि तो मिळत नव्हता, म्हणून त्या त्याच्या येण्याची वाट तेवढी बघून घेत होत्या. सगळ्यात वाईट असायचा तो शेवट. खाली उतरणारं कुणी नसायचं. त्यांनाच जाऊन किल्ली उलटी फिरवावी लागे, आणि इंजिन तिथेच, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, गप्प होई.

हे असंच चालू राहिलं असतं. खोडा घातला तो विम्याने.

"मालक गेल्यावर त्यांच्या नावावरचा विमा कायमचा नाही चालत, बाई," विमेवाला म्हणाला. पोटाशी बॅग घट्ट धरून बसणारा, बोलघेवडा, पण मनाने चांगला माणूस. "महिनाअखेरपर्यंत मी कसंबसं निभावून नेतो. त्यात काय, तुमच्या नावावर करून टाकू." त्याने कागद पुढे ओढला. "चालवणारा कोण लिहू?"

"म्हणजे?"

"गाडी चालवणार कोण? तुम्हाला परवाना आहे?"

"नाही."

"मुलगी?"

"ती परगावी असते. तिची तिला गाडी आहे."

"मग चालवणारा कोण लिहू?"

बाईंच्या अगदी ओठांवर नवऱ्याचं नाव आलं होतं. त्यांनी ते गिळलं. विमेवाल्याने पेन मिटलं आणि तो म्हणाला, "चालवणाराच नाही तर विमा कशाला भरत बसायचा? विकून टाका. घेणाऱ्याच्या नावावर मी उभ्या उभ्या करून देईन."

जाता जाता त्याने गाडीचे फोटो काढले, आत डोकावला आणि एकदम चमकला. "बाई, शेवटची टाकी कधी भरली होती?"

"ह्यांनीच. जायच्या आदल्या दिवशी. काठोकाठ."

"त्यानंतर गाडी हलली?"

"छे."

"मग काटा अर्ध्याच्या खाली कसा? तुमचं डिझेल चोरीला जातंय, बाई! रोज थोडं थोडं काढत असणार कुणीतरी. टाकीला कुलूप बसवा, चांगलं मजबूत."

कुलूपवाल्याच्या बायकोला हा सल्ला! बाईंनी "बघते हं" म्हटलं आणि ताकास तूर लागू दिली नाही. चोर कोण हे त्यांना ठाऊक होतं. नवऱ्याने भरून ठेवलेलं डिझेल त्याच रोज सकाळी थोडं थोडं संपवत होत्या, आणि काटा खाली जाताना बघत होत्या, तरी हात थांबत नव्हता.

लेकीने फोनवर विमेवाल्याचीच री ओढली. "आई, नुसती उभी गाडी गंजून जाईल. बाबांना आवडलं असतं का ते?" बाबांना काय आवडलं असतं हे हल्ली सगळ्यांना बाबांपेक्षा जास्त कळायला लागलं होतं. तरी बाई 'बरं' म्हणाल्या, गाडीवर 'विकणे आहे'ची पाटी लागली, आणि मग ते मास्तर, तो दलाल, ते बॉनेटवर ठेवलेले हात.

महिना संपत आला तेव्हा एका सकाळी जनावरांची डॉक्टर आली. जेमतेम तिशीची पोरगी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बोटांना औषधाचा वास. आडवाटेच्या गोठ्यांवर जायला तिला दणकट गाडी हवी होती. सोबत तिचा मामा. मामांनी आयुष्य गॅरेजमध्ये काढलेलं, आता निवृत्त, पण हात अजून सवयीने काळे. ते चारी बाजूंनी फिरले, आडवे होऊन खालून बघितलं, टायर चाचपले. चेहऱ्यावर समाधान दिसत होतं. डॉक्टर म्हणाली, "काकू, मला ही फार आवडली. दिवसभर पळेल बघा माझ्याकडे. इथे नुसती उभी आहे बिचारी." बाईंना ते लागलं, आणि का कोण जाणे, बरंही वाटलं.

शेवटी मामांनी बॉनेटवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. भाचीने जनावरांचे ताप बघायचे, मामाने गाड्यांचे.

"ताई, गाडी गरम का?"

इतक्या गिऱ्हाइकांत हे तोंडाने विचारणारा हा पहिलाच. बाई गडबडल्या. "सकाळी... जरा दुकानात जाऊन आले."

"तुम्ही? गाडी घेऊन?"

"हो."

मामांनी वाकून मागच्या चाकाकडे बघितलं. चाकापासून जमिनीपर्यंत कोळ्याने ऐसपैस जाळं विणलेलं होतं आणि स्वतः मध्यभागी निवांत बसला होता. "दुकान फारच जवळ दिसतंय," मामा म्हणाले.

डॉक्टरला हसू फुटलं, तिने ते खोकल्यात लपवलं. बाईंची कानशिलं बॉनेटपेक्षा जास्त तापली.

"राग मानू नका," मामा म्हणाले. "डिझेल गाडीचा खरा स्वभाव गार असताना कळतो. एकदा तापली की सगळ्याच गोड बोलतात. गिऱ्हाईक यायच्या आधी कुणी गाडी तापवून ठेवली, की आम्ही समजतो, हिला सकाळी सुरू व्हायला जड जातं. ते झाकायचा हा जुना उपाय आहे. मी तर गरम गाडीची किल्लीसुद्धा हातात घेत नाही."

आता कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे मास्तर आपल्याला लबाड समजले. तो दलालही. "मी लबाड नाही हो," त्या म्हणाल्या.

"मग गरम का?"

रोज सुरू करते म्हणून, असं सांगितलं की 'का' येणार. आणि त्या 'का'चं उत्तर अंगणात उभं राहून परक्या माणसांना देण्यासारखं नव्हतं. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी या. मी हात लावणार नाही."

"एवढी एकच अट. इंजिन गार पाहिजे. सुरू झाली नीट, तर गाडी आमची. किमतीवरून घासाघीस नाही करणार."

अट ऐकायला केवढीशी! एक सकाळ गाडीला हात लावायचा नाही. पण दुसऱ्या दिवशी ती वेळ झाली आणि बाईंचे हात शिवशिवायला लागले. किल्ली खिळ्याला लटकत होती. त्यांनी तिच्याकडे पाठ केली, मशीनवर बसल्या, एका पडद्याला अस्तर लावलं आणि मग बघितलं तर अस्तर सुलट बाजूने. उसवायला घेतलं. खाली अंगण गप्प होतं. इतक्या महिन्यांत ही पहिली सकाळ, जिच्यात नवरा येण्याची काहीच शक्यता नव्हती. त्याची आठवण अशी दाटून आली की सुई दिसेना. एकदा त्या उठून किल्लीपर्यंत गेल्याही. एकदाच, फक्त दोन मिनिटं, मामांना कुठे कळतंय! पण मामांना नक्की कळलं असतं, आणि आज गाडी गेली नाही तर महिना संपत होता. त्या परत फिरल्या आणि चहा टाकला, हाताला काही तरी काम म्हणून.

डॉक्टर किल्ली न्यायला वर आली. "चला ना काकू खाली."

"नको गं. माझा चहा उकळतोय. तुम्ही बघून घ्या."

पोरगी पायऱ्या उतरून गेली. खाली काही बोलणं झालं. गाडीचं दार उघडल्याचा, लागल्याचा आवाज आला. मग स्टार्टर फिरला. खर्र... खर्र... थांबला. पुन्हा फिरला, इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, अडखळत, कुरकुरत लागलं आणि मग त्याची धडधड हळूहळू एका लयीत आली. बाई ओट्याला धरून उभ्या होत्या. ही सुरुवात त्यांनी नवरा गेल्यापासून इथून ऐकलीच नव्हती. स्वतः सुरू करताना त्या गाडीत असायच्या, धावत वर येईपर्यंत इंजिनाचं कुरकुरणं संपलेलं असायचं. आज मात्र सगळं पहिल्यापासून, जसं असायला हवं तसं, आणि त्या त्यांच्या जागेवर.

आणि जिना वाजला.

जड पावलं, सावकाश, कठड्याला धरून येणारी. बाईंनी काहीही विचार केला नाही. खाली इंजिन चालू होतं आणि वर पावलं येत होती. त्यांनी कपात अर्धा चहा ओतला, दाराशी गेल्या आणि बेल वाजायच्या आधीच दार उघडलं.

"आज काय विसरलात?"

दारात मामा उभे होते. "मी? विसरलो नाही काही," ते गोंधळून म्हणाले. "एवढंच सांगायला आलो की इंजिन उत्तम आहे. गार असून दुसऱ्या फेऱ्याला लागलं. गरम व्हायला दहा मिनिटं चालू ठेवलंय, पोरगी बसलीय खाली. म्हटलं तोवर..." ते थांबले. "ताई, काय झालं?"

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. कप हातात तसाच. मग त्यांनी मागचापुढचा विचार न करता सगळं सांगून टाकलं. गॅस चालू राहिला होता ते, ओट्याशी उभं राहणं, वाट बघणं, खाली जाऊन किल्ली फिरवणं. "म्हणून गरम असायची हो," त्या शेवटी म्हणाल्या. "लबाडी नव्हती. ते येतील असं वाटायचं, तेवढ्यासाठी."

गाड्यांच्या बाबतीत मामांना काही सुचलं नाही असं कधी झालं नव्हतं, माणसांच्या बाबतीत बऱ्याचदा व्हायचं. त्यांनी बाईंच्या हातातला कप घेतला आणि चहा पिऊन टाकला. "काल मी तुम्हाला नको ते बोललो," ते म्हणाले. "आता बंद करायला सांगतो तिला. गाडी उद्या नेऊ, कागद झाल्यावर."

"नको!" बाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की त्या स्वतःच दचकल्या. "बंद नका करू. इथे नका बंद करू. न्यायचीच आहे तर आज न्या, चालू आहे तशीच न्या."

"विमा नाही अजून भाचीच्या नावावर. विम्याशिवाय मी फाटकाबाहेर चाक पडू देत नाही."

"मग करून घेऊ विमा. आत्ता करू."

आणि मग त्या घरात एकच धांदल उडाली. बाईंनी विमेवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, असं उभ्या उभ्या होत नसतं. बाई म्हणाल्या, उभ्या उभ्या करून देईन हे शब्द तुमचेच. बोलघेवड्या माणसाला स्वतःचेच शब्द असे परत मिळाले की तो काय करणार? त्याने बॅग उघडल्याचा आवाज आला. मामा खाली जाऊन गाडीत बसले, भाची वर आली, तिने परवान्याचा नंबर वाचून दाखवला, पत्ता सांगितला. "चालवणारा?" फोनमधून प्रश्न आला. "मीच," पोरगी म्हणाली. बाईंनी विक्रीच्या कागदावर सही केली. खाली इंजिन चालूच होतं. खालच्या काकांनी खिडकी उघडून "अहो, आज काय दिवसभर का?" असं विचारलं, आणि मामांनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, काकांनी आवाज न करता खिडकी लावून घेतली.

विमेवाल्याने वेळ घेतला. मध्येच कुणाला तरी विचारायला गेला. बाई फोन कानाला लावून एका कानाने त्याची वाट बघत होत्या आणि दुसऱ्याने इंजिन सांभाळत होत्या. शेवटी तो म्हणाला, "झालं. या क्षणापासून डॉक्टरांच्या नावावर. आणि बाई, त्या टाकीला कुलूप बसवायला सांगा त्यांना."

पोरगी दारात थांबली. काही चांगलं बोलावं असं तिच्या मनात होतं, पण तिने नुसता बाईंचा हात हातात घेतला. "मी नीट चालवीन, काकू."

"रोज चालव," बाई म्हणाल्या. "जा आता. थांबू नकोस."

पावलं जिना उतरली. बाई ओट्याशी आल्या. खाली दार उघडलं, लागलं. गिअर पडला. इंजिनाचा आवाज बदलला, खिडकीखालून सरकला, फाटकापाशी क्षणभर अडखळला आणि रस्त्याला लागला. आवाज कोपऱ्यावर गेला, वळला, भिंतींआड बारीक झाला. त्या ऐकत राहिल्या. अजून आहे, अजून आहे, असं करता करता तो विरला, आणि नंतर कितीही कान दिला तरी उरला नाही.

"गेले," बाई म्हणाल्या.

लोक इतके महिने जे सांगत होते ते त्यांना आता समजलं. त्या खाली बसल्या आणि रडायला लागल्या, खालच्या काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि कितीतरी वेळ रडत राहिल्या.